परकीय पंडितांचें ऋण

संस्कृत विद्येच्या युरोपीय उपासकांविषयीं आपल्याकडे दोन मतें फार दिवसांपासून चालत आलीं आहेत. एका पक्षाच्या दृष्टीनें हे लोक ऋषितुल्य. त्यांनीं वेद छापिले, कोश रचिले, म्हणून आपली लाज राहिली. दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीनें ते सारे धर्मप्रसारक अथवा राज्यकर्त्यांचे हस्तक. त्यांच्या विद्येंत विष कालविलेलें, सबब ती त्याज्य. हा वाद ऐकणाऱ्याची करमणूक पुष्कळ होते. परंतु दोन्ही पक्ष ज्या प्रश्नाला बगल देतात तो असा, कीं एखाद्यानें विद्येचें काम आपणांस अमान्य अशा हेतूनें केलें आणि तें उत्तम वठलें, तर त्याचें ऋण आपणांस लागतें कीं नाहीं?

प्रश्न मोघम राहूं नये म्हणून ऑक्सफर्ड येथील बोडेन अध्यासनाचीच गोष्ट घेऊं. जोसेफ बोडेन हा कंपनीच्या मुंबईच्या फौजेंतील लेफ्टनंट कर्नल. १८११ सालच्या मृत्युपत्रानें त्यानें आपल्या संपत्तींतून त्या विद्यापीठांत संस्कृतचें अध्यासन स्थापण्याची तजवीज केली, आणि हेतु आडपडदा न ठेवतां सांगितला: बायबलचें ज्ञान व्हावें आणि हिंदी लोकांस ख्रिस्ती करण्याचें काम सुकर व्हावें. पहिले अध्यापक होरेस हेमन विल्सन १८६० सालीं वारले, तेव्हां जागेसाठीं दोन उमेदवार उभे राहिले. एक मॅक्स मुल्लर. ऋग्वेदाचें सायणभाष्यासह संपादन हातीं घेतलेले, परंतु जर्मन आणि धर्ममतांत सैल समजले जाणारे. दुसरे मोनियर विल्यम्स. जन्म मुंबईचा, १८१९ सालचा, आणि बोडेनच्या हेतूशीं आपण एकनिष्ठ आहों असें उघड सांगणारे. निवडणूक विद्यापीठाच्या पदवीधरांच्या मतांनीं व्हावयाची होती. त्यांत गांवोगांवचे पाद्री पुष्कळ होते. सायणाचार्यांशीं त्यांचा परिचय कितपत असेल तें वाचकांनींच ताडावें. विल्यम्स यांस ८३३ मतें पडलीं, मुल्लर यांस ६१०.

येथपर्यंत कथा दुसऱ्या पक्षाच्या सोयीची आहे. पण विजयी उमेदवारानें पुढें केलें काय? १८७२ सालीं त्यांनीं संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, आणि त्याची वाढविलेली आवृत्ति, ते वारले त्याच वर्षीं, म्हणजे १८९९ सालीं निघाली. धर्मांतरासाठीं ठेविलेल्या पैशाच्या आश्रयानें वाढलेला हा कोश संस्कृतचे अभ्यासक आजही उघडतात. त्यांत शब्द शोधतां शोधतां कोणी ख्रिस्ती झाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

हरलेल्या उमेदवाराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. आपलें नांव संस्कृतांत ‘मोक्षमूलर’ असें लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनीं हिंदुस्थान जन्मांत कधीं पाहिला नाहीं. तथापि १८४९ पासून १८७४ पर्यंत पंचवीस वर्षें झिजून ऋग्वेदाचे सहा खंड पुरे केले. त्यांनींच आपल्या पत्नीस लिहिलेल्या एका पत्रांत असा आशय प्रकट केला आहे, कीं वेद हें हिंदूंच्या धर्माचें मूळ. तें मूळ त्यांना दाखविणें हाच त्यांतून तीन हजार वर्षांत उगवलेलें सारें उपटण्याचा उपाय होय. हें पत्र दाखवून पुष्कळ लोक मुल्लरांचा निकाल लावून मोकळे होतात. परंतु लोकमान्य टिळकांस १८९७ सालीं राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हां त्यांना दया दाखवावी म्हणून झालेल्या अर्जांत पुढाकार घेणारे वृद्ध मुल्लरच होते. आणि तुरुंगांत टिळकांच्या हातीं पडलेली ऋग्वेदाची प्रत त्यांनींच धाडिलेली होती. ह्यांतला खरा मुल्लर कोणता? आम्ही म्हणतों, दोन्ही. मनुष्याचा हेतु खुंटीला टांगलेल्या अंगरख्यासारखा एका जागीं स्थिर राहत नसतो, आणि चाळीस वर्षें एकाच ग्रंथाशीं सहवास झाल्यावर ग्रंथ कोणास बदलीत गेला हें खुद्द त्या मनुष्यासही सांगतां येणार नाहीं.

ह्यावर आक्षेप येईल, कीं मग हेतूला कांहींच किंमत नाहीं काय? आहे, आणि ती लहान नाहीं. कोशांतला अर्थ चुकला तर तो ताडून पाहतां येतो. तेथें लेखकाच्या हेतूची पर्वा करण्याचें कारण नाहीं. पण सूक्ताचा भावार्थ सांगतांना, अमुक कल्पना रानटी व तमुक उदात्त असें ठरवितांना, हेतु न बोलतां आंत शिरतो. तो ओळखावयाचा कोणीं? ज्याला मूळ संहिता वाचतां येते त्यानेंच. आमची तक्रार आहे ती येथें. परकीयांच्या विद्येविषयीं संशय बाळगणारांपैकीं कितीजणांनीं तो संशय पडताळण्यापुरतें तरी संस्कृत केलें आहे? अभ्यासावांचूनचा संशय हा स्वाभिमान नव्हे. तो आळस आहे. आणि अभ्यासावांचूनची कृतज्ञता ही त्याच आळसाची धाकटी बहीण.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. कंपनीच्या फौजेंतील कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि सुमारें साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. परक्या अंमलदारास व पाद्र्यास कुणब्याचें बोलणें समजावें, ही ह्या उद्योगामागची गरज. तिच्यामुळेंच नांगराचे, माजघराचे, भांडणांतले, क्वचित् तोंडांत घेऊं नयेत असेही शब्द त्यांत टिपले गेले. शुद्ध साहित्यिक हेतूनें रचिलेल्या कोशांत त्यांतल्या निम्म्यांना दाराबाहेर उभें राहावें लागलें असतें. येथें हेतु कामांत शिरला तो आपल्या फायद्याचा ठरला, हें कबूल करावयास आपली जीभ कां अडखळावी?

मात्र ऋणाचा हिशोब करावयाचा तर तो पुरता करावा. हे शब्द साहेबांस स्वप्नांत दिसले नाहींत. सांगणारे, अर्थ फोड करून देणारे ब्राह्मण शास्त्री त्यांच्याजवळ वेतनावर होते. मोल्सवर्थच्या आधीं दोन वर्षें, १८२९ सालीं, सरकारच्या आश्रयानें शास्त्रीमंडळानें मराठीचा मराठींतच कोश केला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके हीं त्यांतलीं कांहीं नांवें. मोल्सवर्थचें नांव शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. हीं नांवें मराठीच्या पदवीधरांपुढें उच्चारलीं तर ते कोणा दूरच्या आप्तांविषयीं विचारीत आहों असें समजतात.