सावलीचा हक्क





लोकांच्या वाटेवर आणि ते विसावा घेतात त्या सावलीत घाण करणे शापास कारणीभूत ठरते, त्यापासून दूर राहा, अशी ताकीद अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. ‘सहीह मुस्लिम’मधील ही हदीस आपण स्वच्छतेपुरती वाचतो. परंतु तिच्यात आणखी एक बोध आहे: सावली लोकांची आहे. ती नासवणारा अल्लाहच्या दासांचा हक्क बुडवतो. मग ती तोडणारा, किंवा गरिबाच्या वाट्याला येऊच न देणारा, काय उत्तर देईल?

मुंबईतच पाहा. दादरच्या पारशी कॉलनीत रस्त्यांवर जुन्या वृक्षांची गर्द छाया आहे. गोवंडीत देवनारच्या कचराभूमीलगत कुटुंबे पत्र्याखाली दाटीने राहतात. सिमेंट व डांबर दिवसभर उष्णता साठवून रात्री सोडतात, त्यामुळे रात्रीही जीव निवत नाही. झाड ऊन अडवते आणि पानांवाटे बाष्प सोडून हवा गार करते. वातानुकूलित घरात राहणाऱ्याला ही सोय आहे. हातगाडीवाल्याला आणि पत्र्याखालच्या बाळंतिणीला तो जगण्याचा आधार आहे. म्हणून जेथे ताप अधिक व साधने कमी, तेथे झाड आधी लावणे हाच न्याय.

जागा नाही, असे म्हणू नका. मशिदीचे अंगण, मदरशाचे कुंपण, कब्रस्तानची कड आपल्याच हाती आहे. वुजूचे पाणी गटारात न सोडता कडुनिंब किंवा करंजाच्या रोपांना द्या. बुंध्याभोवती सिमेंट ओतू नका. पहिले दोन-तीन उन्हाळे रोप जपणे हीच खरी लागवड आहे. महाराष्ट्रातील शहरांत 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते. आपल्या मोहल्ल्यातील रस्त्यांसाठी झाडे मागणारा लेखी अर्ज तेथे द्या. ही भीक नव्हे, हक्काची मागणी आहे.

मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने वा पक्ष्याने खाल्ले, तरी तो त्याचा सदका ठरतो, हे प्रेषितांनी (स.) सांगितलेच आहे. कियामतच्या दिवशी अल्लाहच्या सावलीखेरीज दुसरी सावली नसेल. तेथे आश्रय मिळणाऱ्या सात प्रकारच्या लोकांत त्यांनी पहिला उल्लेख न्यायी शासकाचा केला. मशिदीचे विश्वस्त असोत, नगरसेवक असोत वा घरचा कर्ता, ज्याच्या हाती जेवढा अधिकार आहे, तेवढ्याचा त्याला हिशेब द्यायचा आहे.

अल्लाह आपल्याला इतरांच्या डोक्यावर सावली धरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.