राहुटीतला कर्ता

यात्रांचा हंगाम जवळ आला की जुन्नर तालुक्यातील नारायणगावी तमाशाफडांच्या राहुट्या उभ्या राहतात, आणि आंबेगाव-खेडकडील पंचमंडळी, मॅनेजरच्या पुढ्यातल्या तारखांच्या वहीवर डोळा ठेवून, आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेची सुपारी घासाघीस करून ठरवतात. बयाणा रुजू झाला की गाड्या, तंबू, वीज, कलावंतांची उचल, सारी तजवीज मॅनेजरच्याच शिरावर. फलकावर मात्र नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारख्या तमाशा-कलावंतांचे झळकले, आणि ते न्याय्यच, कारण १९५७ व १९९० साली राष्ट्रपती-सन्मान लाभलेली ती कला काही कीर्दखतावणीतून उपजली नव्हती.

तरीही गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगताना कर्त्याला त्यांतले केवळ एक मानतो. अधिष्ठान, करणे, चेष्टा आणि दैव यांचाही त्यात वाटा. मॅनेजर मला अधिष्ठानात दिसतो, कारण गण रंगावा यासाठी आधी जमीन लागते, आणि ती त्याने अंथरलेली असते. (पंचांना हे पटणार नाही, त्यांच्या लेखी तो निव्वळ चिवट सौदागर!) मग देवापुढे रुजू झालेल्या सेवेचे पुण्य त्यालाही लाभत असेल, तर जिच्या घुंगरांवर लोक लोटले त्या विठाबाईंची उतारवयातली विपन्नताही यात्रा करविणाऱ्या आम्हा सर्वांच्या खाती, मॅनेजरासकट, नावे पडायला हवी; २००२ साली त्या गेल्या, तोवर ती या खात्यांत कोणी मांडली नव्हती.