खटला न चाललेल्या बायका

तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. नेहरू पुतळ्याजवळून काळी मारबत, म्हणजे बांबू-कागदाची बाई, निघते, जागनाथ बुधवारीतून पिवळी. काळीची परंपरा 1881 ची मानतात, पिवळीची 1885 ची. पिवळीला नवस बोलले जातात. काळी मात्र बांकाबाई भोसल्यांची, असे जुने लोक सांगतात; ती इंग्रजांना मिळाली, म्हणून दरवर्षी रोगराई आणि इडापिडा तिच्या माथी मारून तिला गावाबाहेर नेऊन जाळायचे.

आता हिशेब पाहू. तैनाती फौजेच्या तहावर मे 1816 मध्ये सही केली ती अप्पासाहेब भोसल्यांनी. पुढच्या वर्षी ते सीताबर्डीवर इंग्रजांशी लढले, आणि गावाने ती सही पोटात घातली. लढाई हरल्यावर गादीवर अल्पवयीन राजा आला. कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला आणि वाड्यात बालराजाची पालक म्हणून दुसऱ्या रघूजींची विधवा राणी, हीच बांकाबाई, उरली. बांकाबाई इंग्रजांशी जुळवून घेत राहिली हे खरेच. पण राज्य बुडवायला हातभार लावणाऱ्या पुरुषांची यादी लांबलचक असताना मारबत झाली ती एकटी.

मारबत बंद करा, असे मी म्हणणार नाही. बांबू-कागदाची बाई जाळणे आणि जिवंत बाईला हात लावणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्न एवढाच, की संकटाला चेहरा द्यायची वेळ आली की तो बाईचाच का सापडतो, आणि तिचे म्हणणे कुठेच कसे लिहून ठेवलेले नसते?

नागपूरच्या अमलाखाली असलेल्या बस्तरात हे बांबू-कागदावर थांबत नव्हते. चेटकिणीची परीक्षा कशी घेत, याचे वर्णन मध्य प्रांताच्या 1870 च्या गॅझेटियरात आहे. संशयित बाईच्या डोक्याभोवती मासे धरायचे जाळे गुंडाळायचे, म्हणजे ती पहारेकऱ्यांवर मंत्र टाकणार नाही. तिच्या पसरलेल्या हातांवर पिंपळाची दोन पाने टाकायची, एक तिच्या नावाचे, एक आरोप करणाऱ्यांचे. शेवटी तिला पोत्यात शिवून कमरेएवढ्या पाण्यात सोडायचे. धडपडून डोके वर आले, तर ती चेटकीण ठरली. जगायची धडपड हाच पुरावा. पान पिंपळाचे होते हेसुद्धा टिपून ठेवले गेले. बाईचे नाव नाही.

पाण्याची ही कसोटी युरोपातही होती आणि वसाहतींबरोबर ती अमेरिकेतही पोचली. कनेक्टिकट वसाहतीत 26 मे 1647 रोजी ॲल्स यंग या बाईला चेटकीण म्हणून फाशी दिले. 1692 मध्ये शेजारच्या वसाहतीतल्या सेलममध्ये 19 जण फासावर गेले, त्यांतल्या 14 बायका. ते खून न्यायालयाने केले, म्हणून दप्तर राहिले. त्या दप्तराच्या आधारावर कनेक्टिकटच्या विधिमंडळाने मे 2023 मध्ये, ॲल्सच्या फाशीला 376 वर्षे होण्याच्या आदल्या दिवशी, दोषी ठरवलेल्यांना निर्दोष जाहीर केले.

नागपूरकडे इंग्रजी न्यायालये आली तेव्हा त्यांच्या कायद्यात चेटकीण म्हणून फाशी उरलीच नव्हती. ब्रिटिश पार्लमेंटने चेटूक हा गुन्हाच 1735 च्या कायद्याने काढून टाकला होता. न्याय गावातल्या भगताने आणि पंचांनी केला. सरकारने पकडले ते मारणाऱ्यांना. म्हणून निकालाच्या मथळ्यावर 'सरकार विरुद्ध अमुक' असे मारणाऱ्याचे नाव येते. बाई 'मयत'. तिच्यावरचा आरोप खोटा होता, असे म्हणायला कोणतेच न्यायालय बसले नाही. आज माफी मागायची झाली, तरी ती कुणाच्या नावाने मागणार?

ही सगळी जुनी दप्तरे नाहीत. मे 2024 मध्ये गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष जाळून मारले गेले. 30 डिसेंबर 2024 ला मेळघाटातल्या रेट्याखेड्यात 77 वर्षांच्या आजीला मारहाण केली, मूत्र पाजले, चपलांचा हार घालून धिंड काढली. कुटुंब वरिष्ठ पोलिसांकडे दाद मागायला गेले, तेव्हा जानेवारीत ही गोष्ट बाहेर आली. अशा प्रकरणांत कारण देताना सगळे अंधश्रद्धेवर बोट ठेवतात. मला ते अपुरे वाटते. भूत-करणी मानणारे घरोघरी आहेत. मार खाते ती जिची बाजू घ्यायला गावात कुणी उभे राहत नाही.

जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर 2013 मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला, ऑगस्टमध्ये अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. दाभोलकर यांचा खून झाल्यावर आधी अध्यादेश निघाला होता. करणीच्या नावाखाली मारहाण, धिंड, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे हा आता गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूदही आहे. तेव्हा तुमच्या गावाकडून अशी बातमी आली, तर नुसती हळहळ व्यक्त करू नका. ठाण्यात फोन करा आणि विचारा: गुन्हा त्या बाईच्या फिर्यादीवरून, फिर्यादी म्हणून तिचे नाव लिहून नोंदवला का, आणि साध्या मारहाणीबरोबर 2013 चा कायदा लावला का?