मध्यस्थ कोण असावा?

कुणाच्या हाती काही सोपवायचं झालं की आपण आधी त्याची मागची चौकशी करतो. लग्नाचा आचारी ठरवताना यापूर्वी कुणाकडचं कार्य केलं, डॉक्टर आधी कुठल्या दवाखान्यात होते, शिकवणीचे सर कुठल्या शाळेतून निवृत्त झाले, सगळं विचारून घेतो. ही सवय वाईट नाही. माणूस ज्या वाटेनं आला त्या वाटेची धूळ त्याच्या पायांना लागलेली असतेच. पण दोन बाजूंचा वाद आहे आणि मधे एक लहान मूल आहे, अशा ठिकाणी निवाडा करणारा माणूस कुठल्या वाटेनं आलेला असावा? मुलांना शिकवलेला? कायदा शिकलेला? की तसंच मूल स्वतःच्या घरात वाढवलेला?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो माझ्या बहिणीच्या मुलीमुळे. ती बारा वर्षं अमेरिकेत आहे. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. शब्द फार थोडे. शाळेत त्याला आठवड्यातून तीनदा बोलण्याचे उपचार मिळत. पुढच्या वर्षी एकदाच पुरे, असं शाळेनं ठरवलं. भाची आणि जावई गप्प बसले नाहीत. तिकडे अशा वादासाठी सुनावणी मागता येते, ती त्यांनी मागितली. सुनावणी कुणापुढे होणार हे कळल्यावर भाचीनं त्या बाईंची सगळी माहिती काढली. वीस वर्षं वकिली, त्यातली बरीचशी सरकारी. शाळेशी, मुलांशी कधी संबंध नाही. रात्री फोनवर मला म्हणाली, “मावशी, ज्यांनी असं मूल कधी सांभाळलं नाही, त्यांना माझ्या लेकराचं काय कळणार?”

तिच्या या एका वाक्यानं मला पुष्कळ वाचायला लावलं. त्यातलं थोडं इथं मांडते.

अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा मोठा कायदा झाला १९७५ साली. देशातली दहा लाख दिव्यांग मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. कायद्यानं प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि दरेक मुलासाठी वेगळा लेखी आराखडा करायला सांगितला. त्या आराखड्यावरून आईबाप आणि शाळा यांचं पटलं नाही, तर तिसऱ्या माणसानं दोघांचं ऐकून निर्णय द्यायचा. हा तिसरा माणूस म्हणजे सुनावणी अधिकारी. तो त्या मुलाच्या शाळा-खात्याचा नोकर असता कामा नये, ही अट सुरुवातीपासून आहे.

पण मग आणायचा कुठून? सुरुवातीच्या वर्षांत अनेक राज्यांनी शिक्षणाच्या जगातलीच माणसं घेतली. निवृत्त शाळा-अधिकारी, शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या जोडीला काही वकील. विचार साधा होता, की मुलाच्या शिकण्याचा प्रश्न आहे तर शिकवण्यातला जाणकार बसू दे. अलाबामा राज्यात तर दुसऱ्या गावच्या शाळा-खात्यातले अधिकारी या गावच्या तंट्यात निवाड्याला बसत. तिथल्या पालकांनी याला हरकत घेतली. १९८४ मध्ये वरच्या न्यायालयानं ती मान्य केली. शेजारच्या शाळा-खात्याचे नोकर नकोत, आणि राज्याचं याबाबतचं धोरण ठरवण्यात ज्यांचा हात आहे असे विद्यापीठातले लोकही नकोत, असा निकाल झाला. आज मी तुझ्या गावच्या शाळेविरुद्ध निकाल दिला तर उद्या तू माझ्या गावात बसशील, ही भीती कुणालाही समजण्यासारखी आहे.

पुढे २००४ मध्ये कायद्यात अधिकाऱ्याची पात्रता स्पष्ट लिहिली गेली. त्याला हा कायदा आणि न्यायालयांनी लावलेले त्याचे अर्थ माहीत असावेत, रीतसर सुनावणी चालवता यावी आणि रीतसर निर्णय लिहिता यावा. तो वकीलच असावा असं केंद्राचा कायदा म्हणत नाही. पण या तीन गोष्टी वाचून तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? वकीलच ना! हळूहळू झालंही तसंच. बहुतेक राज्यांत आता वकील किंवा प्रशासकीय न्यायाधीशच या खुर्चीवर दिसतात. मेरीलँडसारख्या राज्यात सुनावण्यांची एक मोठी कचेरी आहे. मोटार चालवायचा परवाना रद्द झाला त्याचं गाऱ्हाणंही तिथंच, आणि मुलाच्या शाळेचं गाऱ्हाणंही तिथंच.

हे वाचलं तेव्हा आधी मलाही भाचीसारखंच वाटलं. परवाना आणि पोर एका तराजूत? पण थोडं थांबून विचार केला.

आमच्या बाजूला घराची, शेताची वाटणी होते तेव्हा पंच बोलावतात. जवळचा, सगळं माहीत असलेला माणूस बोलावला तर अर्धा तंटा त्याच्या डोक्यात आधीच मिटलेला असतो. थोरला कसा आहे हे त्याला ठाऊक, धाकटी सून कशी बोलते हेही ठाऊक. मग तो ऐकत नाही, नुसती मान हलवतो. जाणकाराचं असंच होतं. ‘मी तीस वर्षं अशी मुलं शिकवली आहेत’ या वाक्यात अनुभव असतो तसं कुलूपही असतं. त्या तीस वर्षांतली शंभर मुलं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात आणि समोरचं एकशेएकावं मूल त्यांच्यामागे झाकलं जातं. ज्या बाईनं स्वतः असं मूल वाढवलं, तिचंही तेच. तिच्या मुलाला जे लागू पडलं ते माझ्या भाचीच्या मुलाला पडेलच असं नाही. पण तिच्या मनात तिचंच मूल आधी येईल. ते स्वाभाविक आहे, पण तो न्याय नव्हे.

म्हणजे न जाणणारा बरा, असं म्हणायचं का? तसंही नाही. न जाणण्याची किंमत असते आणि ती कुणीतरी मोजतंच.

न्यूयॉर्क राज्यातल्या ॲमी रौली या बहिऱ्या मुलीची गोष्ट घ्या. तिचे आईबापही बहिरे. वर्गात खुणांची भाषा सांगणारा दुभाषा हवा, अशी त्यांची मागणी. मुलगी हुशार, वर्गातल्या सरासरी मुलापेक्षा पुढे. सुनावणी करणाऱ्यानं शाळेचं म्हणणं मानलं, की दुभाष्याशिवाय तिचं उत्तम चाललंय. मधल्या न्यायालयांनी आईबापांची बाजू घेतली, पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेवटी शाळेच्याच बाजूनं निकाल दिला. पास होते आहे ना, मग पुरे. वर्गात जे बोललं जातं त्यातलं कितीतरी तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं, हे आईबापांना दिसत होतं. प्रगतिपुस्तकात मुलाला मिळालेलं दिसतं. जे निसटलं ते दिसत नाही. ते पाहायला वेगळी नजर लागते.

मग ती नजर वकील अधिकाऱ्यानं आणायची कुठून? उत्तर असं, की साक्षीदारांकडून. मानसशास्त्रज्ञ, उपचार करणारे तज्ज्ञ येतात, सांगतात, अधिकारी ऐकतो. पण या तज्ज्ञांचे पैसे? तिकडच्या कायद्याप्रमाणे आईबाप जिंकले तर न्यायालय त्यांना वकिलाचा खर्च शाळेकडून देववू शकतं. तज्ज्ञाचा मात्र नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. म्हणजे बघा, निवाडा करणाऱ्याला जे ठाऊक नाही ते त्याला शिकवायचा खर्च आईच्या पदरात, आणि ती जिंकली तरी तो परत नाही. शाळेचे तज्ज्ञ शाळेच्या पगारावर तिथं हजर असतातच. त्रयस्थ माणूस हवा हे मला पटतं. पण त्याच्या त्रयस्थपणाचं मोल एकाच बाजूनं मोजावं, हे काही केल्या पटत नाही. भाचीनं आपल्या दोन पाटल्यांचे पैसे त्यात घातले. ज्या बाईकडे पाटल्याच नाहीत तिनं काय करावं?

‘मध्यस्थ’ हा शब्द आपण सोयरीक जुळवणाऱ्यापासून भांडण सोडवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना लावतो. आम्हा जैनांच्या घरी लहानपणापासून चार भावना शिकवतात. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. प्रत्येकीची जागा वेगळी. दुःखी जिवाविषयी कारुण्य, आणि जो ऐकूनच घेत नाही त्याच्याविषयी माध्यस्थ्य, म्हणजे राग नाही आणि ओढही नाही. जागा वेगळ्या असल्या तरी चारही एकाच मनात वसायच्या आहेत. माध्यस्थ्य शिकायचं म्हणून कारुण्य बाहेर ठेवून या, असं कुणी सांगितलेलं नाही. कोरडेपणाला आपण उगाच निःपक्षपात म्हणतो. निःपक्ष माणूस कुणाच्या बाजूला कलत नाही हे खरं. पण त्याला ऐकू तर यायला हवं.

भाचीची सुनावणी तीन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी तिची साक्ष होती. शाळेच्या वकिलानं आकडे विचारले, तारखा विचारल्या. ते झाल्यावर त्या न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, “घरी त्याला तहान लागली तर तो काय करतो?” भाचीनं सांगितलं, की आधी तो माझा हात धरून माठाकडे न्यायचा, उपचार सुरू झाल्यावर वर्षभरानं ‘पानी’ म्हणायला लागला, सुट्टीत उपचार बंद होते तेव्हा पुन्हा हात धरू लागला. बाईंनी ‘पानी’ या शब्दाचा उच्चार पुन्हा विचारून लिहून घेतला. निकाल आला तो निम्मा. तीनदा नाही, दोनदा. पण कोणत्या गोष्टी खऱ्या मानल्या याची यादी त्या निकालात होती, आणि त्यात एका ओळीत ते माठाकडे नेणं आणि तो शब्द होता. भाची हरली का जिंकली हे मला सांगता येणार नाही. तिला मात्र एवढं कळलं, की आपलं म्हणणं त्या खोलीत पोचलं होतं.

तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता असं आहे. निवाडा करणाऱ्यानं असं मूल सांभाळलेलं नसलं तरी चालेल. पण आपण सांभाळलेलं नाही, हे त्याला पक्कं आठवत असावं. ज्याला ते आठवतं तो विचारतो. शिक्षक असो, वकील असो, ज्याला आपलं न जाणणं जाणवत नाही तो नुसता निकाल देतो. दुसरी गोष्ट, त्यानं कारण लिहावं, आणि ते असं की हरलेल्या आईलाही वाचून समजावं. कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असाच काहीसा आग्रह धरला. सुनावणीत आणि खालच्या न्यायालयांत त्याचे आईबाप हरत आले होते. नावापुरती प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हायला हवी, असं न्यायालयानं एकमतानं सांगितलं. आणि शाळेनं आपल्या निर्णयाचं पटण्याजोगं कारण देता आलं पाहिजे, हेही. आणि तिसरी गोष्ट कायदा करणाऱ्यांसाठी. त्रयस्थ हवा असेल तर त्याला समजावण्याचा खर्चही आईवर टाकू नका.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणी कुठल्या खुर्चीवर बसणार आहेत? पण घरात मध्यस्थी कुणाला चुकली आहे? दोन जावांमध्ये, बाप आणि लेकामध्ये, शाळेच्या बाई आणि रडत घरी आलेल्या नातवामध्ये आपणच उभ्या असतो. तिथं आपली पहिली चूक ‘मला सगळं माहीत आहे’ इथून सुरू होते. म्हणून म्हणते, निवाड्याआधी एखादा साधा प्रश्न विचारावा. तहान लागली तर तू काय करतोस, इतका साधा. आणि उत्तर येईपर्यंत थांबावं; कारण काही मुलांना, आणि काही मोठ्यांनाही, एक शब्द ओठावर यायला पुष्कळ वेळ लागतो.