फक्की कोण मारणार?

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांत दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, फाटकाजवळची 'आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी. दुसरी, 'हल्लीची पोरं मोबाइलमधून डोकंच वर काढत नाहीत' म्हणून हळहळणारी ज्येष्ठ मंडळी. पाटीचा ठराव पुष्कळदा त्यांनीच मांडलेला असतो.

मुलांना खेळायची गोडी कशी लावावी, हा प्रश्नच मला उलटा वाटतो. सहा वर्षांच्या पोराला पळ म्हणून सांगावं लागत नाही. पळू नकोस, हेच दिवसभर बजावावं लागतं. गोडी असतेच, ती आपण मोडतो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल सांगते. शाळेत खेळाचे तास आठवड्याला मोजकेच, आणि परीक्षा जवळ आली की त्यातलाही एक गणिताच्या बाई मागून घेतात.

खेळायला फार काही लागतं असंही नाही. खोखोचंच बघा. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याला नियमांची चौकट दिली. साहित्य काय, तर दोन खांब आणि रेषा आखायला फक्की. बॅट नको, बूटही नकोत. आठ जण मधल्या पट्टीवर बसतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून; नववा धावतो. खांब गाठेपर्यंत त्याला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. म्हणून खो द्यावाच लागतो. यातली गंमत वर्गातल्या जाड्या, धापा टाकणाऱ्या मुलाला आधी कळते. त्यानं चार पावलं पळावं, पुढच्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणावं आणि त्याच्या जागी बसावं. बसणं म्हणजेही आराम नाही. टाचा उचललेल्या, बोटं मातीत टेकलेली, कान मागे. संघाला त्याची चार पावलंही लागतात. एवढी सोय ठेवणारे खेळ फार नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण शाळेचा संघ निवडला की बारा-पंधरा मुलं मैदानात जातात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवायला बसतो. तब्येतीची काळजी खरं तर या टाळ्या वाजवणाऱ्यांची करायला हवी. निवड झालेल्यांचं शाळा बघते, पालक बघतात, शिवाय दहावीला क्रीडा गुणांची सवलतही असते. (ते गुण मिळाले की खेळ बंद करणारी घरंही काही कमी नाहीत.)

मुली त्याआधीच गळतात, सातवी-आठवीतच. कालपर्यंत सूर मारणारी मुलगी एकाएकी ओट्यावर बसून मैत्रिणींच्या बॅगा सांभाळू लागते. आपण म्हणतो, आवड संपली. मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, सराव अंधार पडायच्या आत संपतो का, हे कुणी विचारत नाही. हाडं भरायचं नेमकं हेच वय.

तैवाननं २०१० पासून शाळांना सांगितलं, मुलांना रोज दोन तास उजेडात बाहेर काढा. हेतू व्यायामाचा नव्हता, चष्मे रोखण्याचा होता. कमी दिसणाऱ्या मुलांचं वाढत चाललेलं प्रमाण पुढे खाली आलं. तिथं मुलांना कुणी उपदेश केला नाही, दार उघडलं.

आपल्याकडे मैदानं अगदीच नाहीत, असंही नाही. शिक्षण हक्क कायद्यानं ती शाळेला बंधनकारकच केली आहेत. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: 'पोरगं पडलं, हात मोडला, तर जबाबदार कोण?' प्रश्न खोटा नाही. पण ही जबाबदारी मुख्याध्यापकांनी एकट्यानं का उचलावी? आळीपाळीनं दोन पालक थांबले, शिपायाच्या जादा तासांचे पैसे वर्गणीतून दिले, मातीवर पाणी आणि फक्की मारायला मोठी मुलं घेतली, तर निम्मी अडचण सुटते. शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या बैठकीत किल्लीचा विषय घ्यायला हरकत नाही. एरवी तिथं गणवेशाच्या कापडावर तासभर जातोच.