एका रात्रीची भुई

प्रवासापेक्षा प्रवासाचा बेतच अधिक सुखाचा असतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. प्रवासात पाय दुखतात, पोट बिघडते, मुले रडतात. बेतामध्ये यातले काहीच होत नाही. नकाशावर बोट ठेवावे आणि एका दमात डोंगर, नद्या ओलांडून जावे! असा एक बेत गेल्या गणपतीपासून आमच्या घरात शिजतो आहे.

माझी मुलगी आणि जावई स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे असतात. पुढच्या जूनमध्ये आम्हा दोघांना तिकडे न्यायचे, मोटारीत तंबू टाकायचा आणि दोन्ही नातवंडांना घेऊन ऑस्लो, ट्राँडहाइम असे टप्पे करीत नॉर्वेच्या उत्तरेकडील बूडो बंदर गाठायचे, हा त्यांचा मनसुबा आहे. हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. तेथून मोटारीसकट बोटीत बसून लोफोटेन बेटांवर उतरायचे. काळही आम्हाला सोयीचा आहे. 1 जून ते 31 जुलै आमच्याकडे मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात आणि सारे सातपाटी गाव जाळी दुरुस्त करीत पावसाकडे पाहत बसलेले असते. मी जन्मभर शाळेत शिकवले हे खरे. परंतु घर मच्छिमाराचे आणि धाकट्या भावाची बोट अजून समुद्रात जाते, त्यामुळे आमच्या घरचे पंचांग भरती-ओहोटीवरच चालते.

बेताला पहिली हरकत आमच्या सौभाग्यवतींनी घेतली. तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, हे नातवाने फोनवर सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग दिवेलागण कधी करायची?" यावर भूगोलाचा हा जुना शिक्षक निरुत्तर झाला. पण ही हरकत हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही.

"रात्री उतरायचं कुठे?" असे तिने मुलीला विचारले.

"आई, तंबू आहे ना! चांगली जागा दिसली की ठोकायचा."

"जागा कुणाची?"

"कुणाची का असेना. इथे तसा सर्वांना हक्कच आहे."

"न बोलावता कुणाच्या भुईवर पथारी पसरायची? मला नाही जमायचं ते," असे म्हणून तिने फोन माझ्या हाती दिला.

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्याही मनातून गेलेला नाही. परक्याच्या भुईवर एक रात्र अंग टाकण्याचा माणसाला हक्क असावा काय? आणि असला तर तो कोणत्या अटीवर?

मुलगी सांगत होती ते खोटे नव्हते. स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांत 'प्रत्येकाचा हक्क' नावाची एक जुनी रीत आहे. रानातून, माळावरून, किनाऱ्यावरून कुणीही चालत जावे, झाडाखालची रानफळे वेचावीत, रात्र झाली तर तंबू ठोकून निजावे. मालकाची परवानगी लागत नाही. नॉर्वेने 1957 साली ही रीत कायद्यात घातली. स्वीडनने 1994 साली तिला राज्यघटनेत जागा दिली. शेजारच्या डेन्मार्कमध्ये मात्र असा मोकळा हक्क नाही. तेथे नेमून दिलेल्या जागीच राहावे लागते. म्हणजे ही काही त्या हवेची करामत नव्हे, हा माणसांनी केलेला ठराव आहे.

नॉर्वेच्या कायद्याने त्याला मर्यादाही घातल्या आहेत. पेरलेल्या शेतात किंवा घराच्या आवारात हा हक्क चालत नाही. माणसे राहत असलेल्या घरापासून तंबू निदान दीडशे मीटर दूर हवा. वस्तीजवळच्या रानात एका जागी दोन दिवसांहून अधिक राहायचे तर मालकाला विचारावे लागते. शिवाय हा हक्क पायांचा आहे, चाकांचा नाही; मोटार रस्ता सोडून माळावर घालता येत नाही. ही शेवटची अट मला फार आवडली. पायी येणाऱ्याच्या पाठीवर मावेल तेवढेच त्याचे ओझे असते. मोटार मात्र सारे घर बरोबर आणते, आणि घर बरोबर आले की घरमालकाचा तोराही येतो.

आपल्याकडे अशी रीत नव्हती काय? होती, आणि काही ठिकाणी अजून आहे. जुन्या घरांची ओसरी वाटसरूसाठीच असे. आषाढात आळंदी-देहूहून पंढरीला निघालेले वारकरी वाटेवरच्या गावांत, शेतांत राहुट्या ठोकतात; त्यांना कुणी सातबारा दाखवीत नाही, उलट भाकरी आणून देतात. पण आपण याला हक्क म्हणत नाही, पुण्य म्हणतो. फरक लहान दिसतो, तसा तो नाही. पुण्यात देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याची मान खाली. वारकऱ्याला जे मिळते ते भटक्या, परक्या, फाटक्या माणसाला मिळेलच असे नाही. हक्कात घेणाऱ्याची मान ताठ राहते, गरीब-श्रीमंत असा भेद उरत नाही. पण मान ताठ राहिली म्हणजे पायाखालची भुई कुणाची आहे, हे पाहण्याचे ती विसरते. लोफोटेनमध्ये आता हेच होऊ लागले आहे. प्रवाशांची इतकी गर्दी झाली, की तेथील काही जागी तंबू ठोकण्यास मनाई करावी लागली. सर्वांचा हक्क सर्वांनी एकाच उन्हाळ्यात वापरला, तर त्या भुईने करावे तरी काय?

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगण्यासारखी नाही, म्हणूनच.

1996 चा मे महिना होता. आमच्या घराच्या पश्चिमेस मासळी सुकवण्याचे खळे होते. बांबू रोवून, त्यांवर दोर ताणून केलेल्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते. बोंबील टांगण्याची एक रीत आहे: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरावर टाकायची. ते काम आई करीत असे. पावसापूर्वीचा तो शेवटचा माल. त्यावर घरातले चार महिने जायचे होते.

तिन्हीसांजेला मी खळ्याकडे गेलो, तो एक फियाट गाडी वाळूच्या कडेला उभी. नवरा-बायको आणि दोन मुले. केळव्याला उतरायला जागा न मिळाल्याने ती मंडळी इकडे आली असावीत. त्यांनी एक ताडपत्री ताणली होती आणि तिची दोरी आमच्या वलांडीच्या बांबूला बांधली होती. त्या ओढीने बांबू कलंडून बोंबलांची एक रांग वाळूत गेली होती. ते पाहिले आणि माझा तोल गेला. काय बोललो ते लिहीत नाही. शिक्षकाला न शोभणारे बोललो. त्या गृहस्थांनी काही सांगण्याचा प्रयत्न केला, पण मी ऐकले नाही. अंधार पडत असता त्यांनी ताडपत्री गुंडाळली. धाकटी मुलगी रडत होती. गाडी गेली, आणि मी मोठा विजय मिळवल्यासारखा घरी आलो.

सकाळी आई खळ्यावरून परत आली आणि म्हणाली, "काल तिकडे कोण होतं रे?" मी तिच्याबरोबर गेलो. कलंडलेला बांबू दगड लावून सरळ केलेला होता. दोराच्या टोकाला दहा-बारा बोंबील भलत्याच तऱ्हेने टांगलेले होते: दोन दोनांच्या शेपट्या बांधून. बांधायला वापरली होती लहान मुलीच्या वेणीची लाल रिबीन, कात्रीने तुकडे केलेली. मी पोहोचण्यापूर्वीच त्यांनी जमेल तसे सावरायला घेतले होते. ते काय सांगू पाहत होते, ते मला तेव्हा कळले. आईने ती रिबीन सोडवली, धुतली आणि पुष्कळ दिवस खुंटीला ठेवली. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

गेल्या महिन्यात मुलीने लोफोटेनचे एक चित्र पाठवले. वसंत ऋतूत काढलेले. समुद्राच्या काठी लाकडी वलांड्या, आमच्यासारख्याच, पण थोराड. आणि त्यांवर मीठ न लावता वाऱ्यावर सुकत असलेले कॉड मासे. ते लोक दोन माशांच्या शेपट्या एकत्र बांधून ती जोडी टांगतात. मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिलो. मुंबईच्या त्या बाईंनी जे केले ते चुकीचे नव्हते तर! ते फक्त आमच्या खळ्यावरचे नव्हते.

त्या मंडळींनी मला विचारले नाही, ही त्यांची चूक. पण मी तरी त्यांना कुठे विचारले? "कुठून आलात? जेवलात का? जागा मिळाली नाही का?" हे तीन प्रश्न आमच्या दारात आलेल्या कुणालाही विचारले जातात, तेवढे त्या दिवशी विचारायचे राहिले. न विचारता भुई घेणे हा अपराध असेल, तर न विचारता भुई नाकारणे हाही अपराधच नव्हे काय? परवानगी मागण्याचे कर्तव्य पाहुण्याचे. परंतु विचारपूस करण्याचे कर्तव्य यजमानाचे. एकाने आपले कर्तव्य चुकवले म्हणून दुसऱ्याचे काही संपत नाही.

हे सारे मी सौभाग्यवतींना सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जायचं म्हणा की. पण माझी एक अट. घर दिसलं की आधी जाऊन विचारायचं."

मुलगी फोनवर हसली. "आई, इथे तसं विचारलं तर माणसं बुजतात. कुणाच्या निवांतपणात शिरायचं नाही, हाच इथला शिष्टाचार. दूर राहणं म्हणजेच मान देणं."

मला दोघींचेही पटले. आपल्याकडे जवळ जाऊन विचारणे ही सभ्यता, त्यांच्याकडे दीडशे मीटर दूर राहणे ही सभ्यता. दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव आहे, की ही भुई कुणाच्या तरी कष्टाची आहे. ती जाणीव असेल तर हक्क शोभतो. ती नसेल तर मागून मिळालेली परवानगीही उर्मटच ठरते.

शेवटी तडजोड झाली. ओसाड माळावर तंबू ठोकायचा. पण वलांड्या, जाळी, होड्या, कुणाच्या कामाची खूण जेथे दिसेल, तेथे आधी विचारायचे. माणसे बुजली तर बुजोत. निघताना जागा होती तशी करायची. नातवाने सामानाच्या यादीत तंबू, चूल, झोपायच्या पिशव्या असे लिहून ठेवलेच आहे. मी त्यात एक ओळ वाढवायला सांगितली: लाल रिबीन, दोन मीटर.

"ती कशाला, आजोबा?" त्याने विचारले.

सांगेन म्हटले, पोहोचल्यावर. सूर्य मावळणार नाही, तेव्हा गोष्टीला वेळ पुष्कळ मिळेल. तोवर येथे दिवाळी आली आहे. आमच्या घरातली पणती या वर्षी उंबरठ्याच्या थोडी बाहेर, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली आहे. कुणी उशिरा आलाच, तर त्याला दार कोणते ते कळावे.