मोठीलाही सांगा

घरात धाकट्याला रक्ताचा कर्करोग निघाला, की मोठ्या बहिणीला सगळे एकच सांगतात, ‘आता तूच समजून घ्यायचंस.’ काय समजून घ्यायचं, ते कुणी सांगत नाही.

भाईंदरजवळच्या तारोडी गावातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. भावाची केमो परळच्या टाटा रुग्णालयात. आईबाबा त्याला घेऊन पहाटेच बस धरतात. मोर्वा, राई, मुर्धा करत भाईंदर स्टेशन, पुढे लोकल. मागे उरते दहावीतली ताई. आजीच्या गोळ्या, स्वतःचा डबा, क्लास, आणि सारखं लक्ष फोनकडे. संध्याकाळी जो तो दारातूनच विचारतो, ‘भाऊ कसा आहे गं?’ कुणी उत्तनच्या वेलंकनी माउलीला नवस बोलतं. माया खरी असते. पण ‘तू जेवलीस का?’ एवढं विचारायचं राहून जातं.

लहान मुलांत जास्त आढळणारा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आज पुष्कळदा बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. तो संसर्गाने होत नाही आणि भांडणात घातलेल्या धपाट्याने तर नाहीच नाही. हसू नका, ही शंका मुलांना आतून खाते. भावाच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, की हिची साधी सर्दीही त्याला महागात पडते, म्हणून हिचं अंथरूण वेगळं होतं. कारण न सांगता केलं, तर ती शिक्षाच वाटणार.

भावासाठी काही द्यावं, असं तिलाही वाटतं. पण रक्त द्यायला 18 वर्षं पूर्ण असावी लागतात. बोनमॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, मात्र पालकांच्या संमतीने त्याआधीही देता येते. बऱ्याच आजारी मुलांना तिची गरज पडत नाही. पडलीच, तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण चारांत एक. नाही जुळलं तर त्यात हिचा दोष नाही, हे तपासणीच्या आधीच सांगायला हवं. नंतर सांगितलेलं नुसतं सांत्वन वाटतं.

‘तिची परीक्षा आहे, कशाला सांगायचं?’ हे मला पटत नाही. फाईलवरचा शब्द ती मोबाइलवर शोधतेच, तोही रात्री, एकटीने. त्यापेक्षा बाबांनीच फाईल उघडून समोर बसावं. वर्गशिक्षिकेच्याही कानावर घालावं.

अशा घरी जाणार असाल तर आधी हात धुवा. सर्दी असेल तर जाऊच नका. आणि गेलात की तासभर मोठीजवळ बसा. गणित अडलं असेल तर तेही बघा.